गोधडीची नक्षी आणि घराची सजावट रोजच्या जगण्यातून कशी सुचते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोधडी शिकायला येणाऱ्यांना धावदोरा दोन दिवसांत जमतो आणि गोट (कडेची पट्टी) लावणं आठवड्याभरात. त्यानंतर जवळजवळ प्रत्येकीचा प्रश्न एकच असतो: "ताई, नक्षी काय घालू?" हा प्रश्न वेगवेगळ्या परींनी कानावर येत राहतो. त्यातले नेहमीचे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

मला काहीच सुचत नाही. सुरुवात कुठून करू?

कपाटापासून. वही, पेन्सिल, मोबाईल सगळं बाजूला ठेवा आणि घरात वापरात नसलेलं जेवढं सुती कापड असेल तेवढं पलंगावर काढा. जुन्या साड्या, झब्बे, उशांचे अभ्रे, ब्लाउजपीस, पडद्यांचे उरलेले तुकडे. रंगांप्रमाणे ढीग लावा. अर्ध्या तासात कळतं की घरात निळं भरपूर आहे, पिवळं थोडं आहे आणि पांढरं जवळजवळ नाहीच. आमटी करायची की पिठलं, हे आपण डबे उघडून बघितल्यावरच ठरवतो ना? तसंच हे.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या कामांना बाहेर पडा आणि डोळ्यांना एकच काम द्या: आपल्या ढिगातले दोन-तीन रंग शेजारी शेजारी कुठे दिसतात ते शोधायचं. "काहीतरी सुंदर दिसलं पाहिजे" म्हणून बाहेर पडलात तर काहीच दिसत नाही. निळा आणि वीटकरी शोधत निघालात तर ताडपत्रीखाली रचलेल्या विटा दिसतात, बांधकामावरचं निळं पिंप दिसतं, शाळेच्या भिंतीला टेकलेली सायकल दिसते. शोध जेवढा नेमका, तेवढं जास्त सापडतं. हे मी अनेकींच्या बाबतीत घडताना पाहिलं आहे.

एका वस्तूतून नेमकं काय आणि किती घ्यायचं?

एकच गोष्ट घ्यायची. रंग, आकार किंवा मांडणी, या तिघांपैकी एक. माझं सगळं शिकवणं या एका वाक्यावर उभं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मंडईत एकदा वांग्यांच्या पाटीसमोर थांबले होते. काटेरी वांगी, जांभळ्यावर पांढुरक्या रेघा, देठाचा मळकट हिरवा, खाली पाणी शिंपडलेलं गोणपाट. मन भरून आलं. त्यातून मी फक्त रंग घेतले, पण प्रमाणासकट घेतले: दहा वाटे जांभळा, तीन वाटे गोणपाटाचा, जेमतेम एक वाटा हिरवा. आकार म्हणून साधे उभे पट्टे. त्या गोधडीत वांगं कुणालाच दिसत नाही. हिरव्याची एक बारीक पट्टी मात्र जिथे येते तिथे डोळा थांबतो, जसा पाटीत देठांवर थांबत होता.

बहुतेक जणी रंग अगदी बरोबर उचलतात आणि मग ते सारखे सारखे वाटून टाकतात. जांभळा तितकाच, हिरवा तितकाच. तिथे पाटी हरवते. रंग उचलताना त्यांची मापं उचलायला विसरू नका.

आकार घ्यायचा असेल तर रंग सोडून द्या. पिंपळपानाचं टोक घेतलं तर ते राखाडी आणि गुलाबी कापडातही शोभतं. मांडणी घ्यायची असेल तर रंग आणि आकार दोन्ही सोडा. कौलं एकमेकांवर अर्धी सरकवून बसवलेली असतात, चिऱ्याच्या भिंतीत वरच्या थराचा सांधा खालच्या चिऱ्याच्या मध्यावर येतो, स्वयंपाकघराच्या फळीवर ताटं मोठ्यापासून लहानापर्यंत उभी असतात. "कशानंतर काय" ही रीत उचलायची, बाकी सगळं आपल्या कपाटातलं.

आजीच्या गोधडीत कुठे काय डिझाईन होतं? ती तर फाटकं कापड जोडायची.

माझ्या आजीची वाकळ माझ्याकडे आहे, म्हणून या प्रश्नाचं उत्तर मी ती समोर ठेवूनच देते. वरच्या अंगाला दोन नऊवारी आहेत, एक बाटली हिरवी, दुसरी कुसुंबी. मध्ये आजोबांच्या धोतराचा पट्टा, आता चहाच्या रंगाचा झालेला. टाके पांढऱ्या दोऱ्याचे. कडेने सुरू होऊन ते चौकोनी फेऱ्या घेत आत आत जातात. कडेला दोन फेऱ्यांत करंगळीएवढं अंतर आहे, कारण कडच आधी झिजते. आत जाता जाता ते दोन बोटांचं होतं. मध्यभागी तळहाताएवढी लांबट जागा उरते आणि तिथे दोरा संपतो.

वरच्या डाव्या कोपऱ्यात साडी विरली होती. तिथे तिने पिवळ्या कापडाचं ठिगळ लावलं. मग खालच्या उजव्या कोपऱ्यातही तेवढंच पिवळं ठिगळ आहे. मी ते उचकटून पाहिलं, खालचं कापड धडधाकट आहे. पहिलं ठिगळ गरजेचं होतं. दुसरं लावताना ती मागे सरकून वाकळीकडे बघत बसली असणार. यालाच डिझाईन म्हणतात.

तुमच्या घरातली जुनी गोधडी, वाकळ, लेपाटं जे काही असेल ते उन्हात पसरा आणि असं वाचून काढा. टाक्यांची दिशा कुठे बदलली? कोणतं कापड दोनदा आलं? काठ आतल्या बाजूला का वळवला?

नक्षी आधी कागदावर काढायलाच हवी का?

नाही. मला स्वतःला कागदावर काढायला आवडतं, पण ते प्रत्येकाला मानवेल असं नाही. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात. आपल्या गोधडीची ती सख्खी मावसबहीणच. आफ्रिकेतून काही शतकांपूर्वी या किनाऱ्यावर आणल्या गेलेल्या लोकांचे हे वंशज, आणि त्यातल्या अनेकांचे पूर्वज गोव्यातल्या पोर्तुगिजांकडून सुटून या जंगलात आले. कवंदी शिवणारी बाई कवंदीच्या एका कोपऱ्यापासून सुरू करते, हाताला येईल तो तुकडा दुमडून ठेवते, त्यावर टाके घालत पुढे सरकते आणि कडेकडेने फिरत मध्याकडे येते. आधी काढलेला आराखडा नसतो. पुढचा तुकडा कोणता, हे आधीचा तुकडा बघूनच ठरतं. चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाचे त्रिकोणी थर बसवतात, त्यांना फुलं म्हणतात. ती लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं कुणी मानत नाही.

या रीतीने एक लहान आसन शिवून बघा. कागद लागणारा माणूस आपण आहोत की नाही, हे तिथेच कळेल.

ठिपक्यांच्या रांगोळीवरून गोधडीची नक्षी कशी करायची?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न. ठिपक्यांची रांगोळी आणि जोडकामाची (तुकडे जोडून केलेली) गोधडी ही दोन्ही कामं चौकटीवरच चालतात, त्यामुळे अर्धं काम आपल्या आयांनी उंबऱ्याबाहेर करूनच ठेवलेलं आहे.

5 बाय 5 ठिपक्यांची, सरळ रेघांची एखादी रांगोळी निवडा. ठिपके 5 असले की त्यांच्या मधली घरं 4 होतात, म्हणजे 4 बाय 4 अशी 16 घरं. वहीच्या चौकटीच्या कागदावर ती काढा. ज्या घरातून तिरकी रेघ जाते ते घर दोन त्रिकोणांचं. ज्यातून रेघ जात नाही तो साधा चौकोन. आता रेघा विसरा आणि फक्त घरं रंगवा. रांगोळीचं चांदणीसारखं फूल एकदम कापडाचं दिसायला लागतं.

मापं अशी. एक घर शिवून झाल्यावर 3 इंचांचं हवं असेल तर साधा चौकोन साडेतीन इंचांचा कापा, कारण चारी बाजूंना पाव पाव इंच शिवणीत जातो. त्रिकोणांच्या घरांसाठी गडद आणि फिक्या कापडाचा एकेक 4 इंचांचा चौकोन घ्या आणि सुलट बाजू समोरासमोर ठेवून एकावर एक लावा. कर्णावर पेन्सिलीने रेघ ओढा. रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिवण घाला आणि मग रेघेवर कापा. दोन त्रिकोणांची दोन तयार घरं मिळतात. ती साडेतीन इंचांना छाटून घ्या. 16 घरं जोडली की 12 इंचांचा एक तुकडा तयार होतो. असे 30 तुकडे, 5 आडवे आणि 6 उभे, म्हणजे 60 बाय 72 इंच. भोवती 6 इंचांचा काठ दिला की 72 बाय 84. एका माणसाच्या पलंगावरून दोन्ही बाजूंना छान खाली येते.

"15 ते 8" सारख्या, एकाआड एक ठिपक्यांच्या रांगोळ्यांतून चौकोन निघत नाहीत. तिथे षटकोन आणि शंकरपाळीचे आकार निघतात. त्या नक्षी फार देखण्या असतात, पण तिरक्या धाग्यावर कापलेलं कापड हातात ताणतं. दुसऱ्या-तिसऱ्या गोधडीसाठी त्या राखून ठेवा. आणि वळणावळणांच्या, दोरीसारख्या रांगोळ्या तर जोडकामात आणूच नका. त्या टाक्यांत आणा. एकरंगी कापडावर पांढऱ्या दोऱ्याने घातलेली ठिपक्यांभोवतीची वळणं सकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसतात.

टाक्यांची नक्षी वेगळी आणि कापडाची वेगळी असते का?

हो, आणि या दोन नक्षींना एकमेकींशी बोलू द्यायला हवं. कापड गजबजलेलं असेल तर टाके सरळ रेघांचे ठेवा. कापड शांत असेल तर टाक्यांना मोकळीक द्या.

टाक्यांसाठी माझं आवडतं उदाहरण सारवलेल्या अंगणाचं आहे. बाई बसून सारवते तेव्हा कोपर जागेवर राहतं आणि पंजा अर्धवर्तुळात फिरतो. एकामागून एक कमानी उमटत जातात आणि पुढची ओळ मागच्या ओळीवर किंचित चढते. तुम्हीही तसंच करा. गोधडी जमिनीवर पसरा, कोपर टेकवा, हातात चॉक घ्या आणि हात फिरवा. त्या कमानीवर टाके घाला. मापपट्टी लागत नाही, आणि कमान तुमच्या हाताच्या मापाची येते. अमेरिकेतल्या जुन्या गोधड्यांतही अशाच, कोपराभोवती हात फिरवून आखलेल्या पंख्यासारख्या कमानी असतात.

जुन्या घरातल्या फरशीचं डिझाईन घेता येईल का?

जरूर. मुंबई-पुण्यातल्या जुन्या चाळी, वाडे, बंगले यांत सिमेंटच्या रंगीत नक्षीदार फरश्या आहेत. 1922 साली सुरू झालेल्या भारत टाइल्ससारख्या कारखान्यांनी त्या घडवल्या. फरशी बघताना एक प्रयोग करा. चार फरश्या जिथे मिळतात तिथे तीन हाताने झाका आणि उरलेली एकच बघा. कोपऱ्यात पाकळीचा पाव भाग आणि एक तिरकी रेघ, एवढंच दिसेल. हात काढा, चार कोपरे जुळतात आणि मध्ये पूर्ण फूल उमलतं.

गोधडीतही हेच साधायचं असतं. एका तुकड्यात सगळं कोंबायचा मोह टाळा. साधा तुकडा करा, मग चार तुकडे वेगवेगळ्या दिशांना फिरवून जमिनीवर मांडून बघा. मी शिवायच्या आधी निदान एक संध्याकाळ फक्त फिरवाफिरवीला देते. प्रत्येक मांडणीचा फोटो काढते, कारण तिसऱ्या मांडणीनंतर पहिली आठवत नाही.

माझे रंग जमतच नाहीत. रंगांची जाण जन्मजात असावी लागते का?

आपल्या साड्यांच्या रंगांची नावं एकदा मोठ्याने म्हणा. डाळिंबी, अंजिरी, आमसुली, वांगी, मोरपंखी, लिंबू, चटणी, श्रीखंडी, अबोली, शेवाळी, जांभळा, गव्हाळ. यातला प्रत्येक रंग कुणीतरी ताटात, परसात नाहीतर विहिरीच्या कठड्यावर पाहिला आणि मग त्याला नाव दिलं. रंगांची ही जाण तुमच्या तोंडात आहेच, फक्त ती हातात उतरवायची आहे. पुढच्या वेळी "लाल" म्हणू नका. डाळिंबी की कुंकवाचा की विटेचा, हे ठरवा. डाळिंबीच्या शेजारी काय ठेवायचं, तेही डाळिंबच सांगतं: दाण्याचा गुलाबी, आतल्या पातळ सालीचा फिका पिवळा.

दुसरा उपाय विणकरांकडून शिका. काठ आणि अंगाच्या रंगांचं कोडं त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोडवलेलं आहे. इरकलीचं गडद अंग, लाल पदर आणि त्यात पांढऱ्या फण्या. तो पांढरा काढून टाकला तर लाल आणि काळपट रंग एकमेकांत बुडतील. पैठणीचा नारळी काठ बघा, सोनेरी त्रिकोणांची ओळ किती अरुंद आहे आणि तरी सगळं अंग ती कशी तोलून धरते.

तिसरी गोष्ट सगळ्यात कामाची. गडबड बहुतेकदा रंगांत नसते, गडद-फिक्यात असते. निवडलेले तुकडे ओळीने मांडा, मोबाईलवर फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करा. सगळे तुकडे एकाच राखाडी छटेचे दिसले तर नक्षी उठणार नाही, मग रंग कितीही सुरेख असोत. निदान एक अगदी फिका आणि एक अगदी गडद तुकडा हवाच. घरात सोलापुरी चादर असेल तर ती उलटी करून बघा. पुढच्या बाजूला गडदावर फिकी असलेली नक्षी मागच्या बाजूला फिक्यावर गडद होते. एकाच चादरीत दोन धडे आहेत.

मी शहरात फ्लॅटमध्ये राहते. इथे ना शेत, ना अंगण. काय बघू?

समोरची इमारत. वाळत घातलेले कपडे, ग्रिलचे चौकोन, एका खिडकीत पिवळा दिवा आणि बाकीच्या अंधारात. लोकलच्या खिडकीच्या आडव्या गजांतून दिसणारे पट्टे. दादरच्या फुलबाजारात झेंडूच्या केशरी ढिगाशेजारी शेवंतीचा पांढरा. मोसंबीवाल्याच्या गाडीवरचा मनोरा.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणात गीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीतून आलेल्या कृष्णवर्णीय लोकांची ती वस्ती. थंडी आत येऊ नये म्हणून तिथल्या लाकडी खोल्यांच्या भिंतींना वर्तमानपत्रं आणि मासिकांची पानं चिकटवलेली असत. त्या भिंती बघत लहानाच्या मोठ्या झालेल्या बायकांच्या गोधड्यांत तेच वाकडेतिकडे चौकोन आणि पट्टे आले. कापड शेतावर झिजलेल्या कामाच्या कपड्यांचं. पुढे 1972 पासून उशांचे अभ्रे शिवायचं मोठं काम गावात आलं. त्यातून उरलेलं जाड कॉर्ड्युरॉय गोधड्यांत गेलं, आणि सोनेरी, हिरव्या, वीटकरी रंगांची एक नवी पिढीच तयार झाली. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात या गोधड्या भिंतीवर लागल्या, 2006 मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. या बायकांना फुलबाग लागली नाही. रद्दी चिकटवलेली भिंत होती आणि झिजलेले कपडे होते.

गेलेल्या माणसाच्या कपड्यांची गोधडी करावी का? मन धजत नाही.

घाई करू नका. कपडे धुवून, घडी घालून ठेवा. वर्षभराने, दोन वर्षांनी हात आपोआप त्या घडीकडे जातो.

याच गीज बेंडमध्ये 1942 मध्ये मिसूरी पेटवे या बाईंनी नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण म्हणून आणि प्रेमाने पांघरण्यासाठी. फिकट निळे आणि राखाडी उभे पट्टे आहेत, शिवण उसवलेल्या जागी जुना गडद रंग तसाच राहिलेला दिसतो. मी त्या गोधडीचं छायाचित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आजोबांच्या धोतराचा तो चहाच्या रंगाचा पट्टा आठवला आणि बराच वेळ काही बोलता आलं नाही.

अशी गोधडी करताना नक्षी अगदी साधी ठेवा, उभे किंवा आडवे पट्टे पुरेत. शर्टाचा खिसा तसाच राहू द्या. बाहीची झिजलेली घडी कापून टाकू नका, तिला मागून अस्तराचा आधार द्या. इथे कापडच सगळं सांगतं.

स्वस्तिक, गोपद्म, लक्ष्मीची पावलं गोधडीवर घालावीत का?

अंगाखाली किंवा पायाशी येणाऱ्या वस्तूवर पूजेची चिन्हं नकोत, असं बऱ्याच घरांत मानतात. ज्यांना गोधडी भेट द्यायची आहे त्यांना आधी विचारा. माझ्याकडे ही चिन्हं दाराच्या तोरणावर, देवघराच्या पडद्यावर आणि चैत्रगौरीच्या मागे टांगायच्या कापडावर असतात. पांघरायच्या गोधडीवर मी आंब्याची पानं, कोयरी, शंकरपाळी, चौकडा घालते.

वारली चित्रं किंवा इतर लोककलांची नक्कल केली तर चालेल का?

स्वतःच्या घरासाठी शिकत शिकत केलं तर त्यात गैर काही नाही. विकायला ठेवणार असाल तर थांबून विचार करा. वारली चित्रकला ही पालघर-डहाणूकडच्या एका समाजाची जिती रीत आहे. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात, त्या चौकाला त्यांच्या लग्नात अर्थ आहे. जिव्या सोमा मशे यांनी ती चित्रं कागदावर आणली, जगभर नेली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तयार चित्र छापून "वारली गोधडी" म्हणून विकण्यापेक्षा तिथल्या कलाकाराकडून चित्र विकत घ्या, त्या कलाकाराचं नाव सांगा, पैसे द्या.

शिकण्यासारखं मात्र तिथेही खूप आहे. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस होतो. दोनच रंगांत सगळं जग मावतं. एवढं घेऊन स्वतःच्या गल्लीतली माणसं त्रिकोणांत बसवून बघा.

कल्पना टिपून कशा ठेवायच्या? फोटो तर हजारो झाले आहेत.

फोटो ठेवा, पण प्रत्येकाखाली एक ओळ लिहा: यातलं मला काय हवं आहे? "रंग" किंवा "मांडणी", एवढा एक शब्दही चालेल. ज्या फोटोपुढे हा शब्द लिहिता येत नाही तो काढून टाका.

एक साधन घरीच करा. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यात मधोमध 2 इंचांची चौकोनी खिडकी कापा. ती डोळ्यासमोर धरून फिरा. आख्खं झाड दिसत नाही, सालीचा एकच तुकडा दिसतो. आख्खा बाजार दिसत नाही, दोन टोपल्यांच्या मधला सांधा दिसतो. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी हीच खिडकी कापून घेते, आणि मुलं तर ती परतच देत नाहीत.

जुनं कापड वापरण्याजोगं आहे हे कसं ओळखायचं? आणि रंग जात असेल तर?

कापड उजेडासमोर धरा. जाळी दिसली तर तो भाग आतल्या थरात घाला, वर नको. मग दोन्ही हातांत धरून उभ्या आणि आडव्या धाग्यावर ओढून बघा. टरकन आवाज आला तर सोडून द्या. निऱ्यांचा आणि बसायचा भाग लवकर विरतो, पदराजवळचा बहुधा मजबूत निघतो. सुती कापडाला सिंथेटिक कापड जोडू नका. धुतल्यावर सुती आटतं, सिंथेटिक आटत नाही, मग गोधडीला सुरकुत्या पडतात.

रंगाचं मी स्वतःच्या चुकीवरून शिकले. भाचीच्या बाळासाठी दुपटं केलं, पांढरं मलमल आणि कोरं लाल कापड, रात्री जागून. पहिल्याच धुण्यात पांढऱ्यावर गुलाबी ओघळ आले. ते गेले नाहीत. तेव्हापासून प्रत्येक कापड, कोरं असो की जुनं, कापायच्या आधी धुते. ओलं असतानाच त्यावर पांढरी चिंधी ठेवून इस्त्री फिरवते. चिंधीवर रंग उतरला तर पुन्हा धुते. तिसऱ्या धुण्यानंतरही उतरत असेल तर ते कापड पांढऱ्याच्या शेजारी जात नाही.

गोधडीखेरीज घरात ही नक्षी कुठे वापरता येईल?

आधी घरातली न बदलता येणारी गोष्ट बघा. फरशी, सोफा, किंवा भाड्याचं घर असेल तर भिंतींचा रंग. तिच्यातला एक रंग उचला आणि तो खोलीत आणखी दोन ठिकाणी येऊ द्या, मोठा एकदा, लहान एकदा. पडद्याला शेवाळी काठ, उशीवर शेवाळी पट्टी. तेवढ्याने खोली जुळते.

खणाचं कापड उशांच्या अभ्र्यांना सुंदर दिसतं, पण त्याचा पन्हा (रुंदी) लहान असतो. म्हणून मध्ये खण आणि दोन्ही बाजूंना साधं सुती असं करा. जुन्या साडीचे काठ पडद्याच्या तळाशी लावा, वजनामुळे पडदाही नीट पडतो. उरलेल्या त्रिकोणांचं तोरण होतं. गोधडी भिंतीवर लावायची असेल तर वरच्या कडेला मागून कापडाची नळी शिवून त्यात पडद्याची दांडी घाला. खिळे ठोकू नका, आणि थेट ऊन येतं त्या भिंतीवर लावू नका.

एका खोलीत एकच बोलकी वस्तू असू द्या, बाकीच्यांनी ऐकायचं. हे माझं मत आहे, तुमचं वेगळं असू शकेल.

आम्ही परदेशात राहतो. इथे गोधडी करताना इथलंच काही घ्यावं की तिकडचंच?

दोन्ही. आईच्या साड्या तुमच्याकडे आहेत आणि खिडकीबाहेर मेपलची पानं लाल होत आहेत. कापड आईचं घ्या, मांडणी खिडकीबाहेरची. बर्फाच्या प्रदेशात नुसत्या साड्यांचे थर पुरत नाहीत, दोन कापडांच्या मध्ये कापसाचा किंवा पॉलिस्टरचा तयार मऊ थर घाला. थर जाड झाला की टाके लांब पडतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. बाळासाठी 36 बाय 45 इंचांचं दुपटं पुरतं. इथून पाठवताना ते सहज बॅगेत मावतं, म्हणून कित्येक आज्या तेच निवडतात.

अर्धी शिवून झाल्यावर नक्षी आवडेनाशी झाली तर?

आठवडाभर घडी घालून कपाटात ठेवा. मग काढून दाराला टांगा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन डोळे अर्धवट मिटून बघा. बहुतेकदा एकच तुकडा खटकत असतो, फार उजळ किंवा चुकीच्या कोपऱ्यात आलेला. तेवढाच उसवा. उसवायला जीव होत नसेल तर तसाच आणखी एक तुकडा समोरच्या कोपऱ्यात लावा.